मियाजिमाला बोटीनं जाऊन मिसेन पर्वताची यात्रा एका दिवसात: क्रम कसा लावायचा

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो पाहिले की पाण्यातली शेंदरी कमान, हरणं आणि भाजलेली कालवं ही तीन चित्रं ठरलेली असतात. "मिसेनवर गेलात का?" असं विचारलं की उत्तर येतं, "वेळच उरला नाही." नाहीतर, "रोपवेनं वर गेलो, पण तिथं देऊळबिऊळ काही दिसलं नाही."

देऊळ दिसलं नाही म्हणणारे बहुतेक जण रोपवेच्या वरच्या स्थानकावरूनच परत फिरलेले असतात. माझ्या आईच्या बाबतीतही पहिल्या वेळी हेच झालं. आम्ही दुपारी अडीचला रोपवेच्या रांगेत उभे राहिलो. वर पोचलो तेव्हा तिला वाटलं, आलं शिखर. पुढे अजून अर्धा तास चालायचंय म्हटल्यावर ती बाकावर बसून राहिली. मी एकटाच धावतपळत पुढे जाऊन आलो. माथ्याजवळच्या देवळातल्या ज्या अखंड अग्नीसाठी आम्ही गेलो होतो, तो तिला दिसलाच नाही. दिवस तेवढाच होता, पैसेही तेवढेच लागले होते. फक्त क्रम उलटा लावला होता.

खालचे टप्पे त्यासाठी लिहिले आहेत. मुक्काम हिरोशिमा शहरात आहे, असं गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: आधी तीन ठिकाणं वेगळी ओळखा

बेटावर तीन वेगळ्या जागा आहेत आणि घोळ इथूनच सुरू होतो.

इत्सुकुशिमा हे समुद्रात खांबांवर उभं असलेलं मंदिर शिंतो पंथाचं आहे. पाण्यातली कमान, म्हणजे तोरी, त्याचीच. ते बौद्ध मंदिर नाही.

दाइशोइन हे मिसेनच्या पायथ्याचं बौद्ध मंदिर. पंथ शिंगोन, म्हणजे जपानमधला मंत्रयान.

मिसेन हा ५३५ मीटर उंचीचा पर्वत. माथ्याजवळ मिसेन होन्दो हे मुख्य मंदिर आणि त्याच्यासमोर रेइकादो, म्हणजे अखंड अग्नीचं देवालय. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई यांनी ८०६ साली इथं शंभर दिवसांचं अनुष्ठान केलं आणि तेव्हाचा अग्नी आजवर विझू दिलेला नाही, अशी इथली श्रद्धा आहे. बेटावरची बौद्ध यात्रा म्हणजे दाइशोइन आणि मिसेन. कमान वाटेत लागते.

तपासा: सोबतच्या प्रत्येकाला हे तीन शब्द माहीत आहेत ना? चुकामूक झाली तर "मंदिरापाशी भेटू" हे वाक्य इथं निरुपयोगी आहे.

## टप्पा २: तारीख ठरवताना भरती-ओहोटी पाहा

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी नीट वाचा.

पाणी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर मंदिर आणि कमान पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. ते १०० सेंटिमीटरच्या खाली गेलं की वाळूतून चालत कमानीच्या खांबापर्यंत जाता येतं. मधल्या वेळेत दोन्ही नाही. नुसता चिखल दिसतो, आणि ज्यांनी वेळापत्रक पाहिलेलं नसतं ते नेमके याच वेळी पोचतात.

मियाजिमाची पर्यटन संघटना वर्षभराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक प्रसिद्ध करते. त्यात तुमच्या तारखेचे चार आकडे असतात: दोन भरतीचे, दोन ओहोटीचे. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तासानं पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. तरंगतं मंदिर आणि कोरडी वाळू एकाच दिवशी पाहायची असतील तर हे दिवस धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. तारीख बदलता येत नसेल तर हरकत नाही, फक्त कमानीकडून अपेक्षा कमी ठेवा. डोंगरावर त्यानं काही फरक पडत नाही.

टाळायचे दिवस दोन प्रकारचे. एक, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली सलग सुट्टी. दोन, नोव्हेंबरच्या मध्यानंतरचे शनिवार-रविवार. तेव्हा मेपलची पानं लाल होतात आणि रोपवेखालच्या मोमिजिदानी दरीत पाय ठेवायला जागा नसते. पानं पाहायचीच असतील तर मधल्या वारी जा आणि पहिला पाळणा पकडा.

सावधान: जोराचा वारा किंवा विजांचा कडकडाट असेल तर रोपवे बंद होतो. शिवाय ठरावीक दिवशी देखभालीसाठीही तो बंद असतो. ते दिवस आधीच जाहीर केलेले असतात. तारीख नक्की करण्यापूर्वी पाहा आणि जायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहा.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

पायात घट्ट बसणारे, तळ न घसरणारे बूट. डोंगरावरच्या पायऱ्या दगडी आणि उंचसखल आहेत, पावसानंतर निसरड्या होतात. मात्र देवळांत काही ठिकाणी बूट काढावे लागतात. तेव्हा गुडघ्यापर्यंत नाड्या असलेले बूट नकोत, आणि मोजे धड असू द्या.

पाणी माणशी किमान एक लिटर. उन्हाळ्यात दीड. शिखराच्या वाटेवर दुकानं नाहीत.

खाणं शाकाहारी असाल तर सोबत न्याच. बेटावर सगळीकडे कालवं आणि वामसारख्या माशाचा भात. भाज्यांच्या सूपमध्ये आणि नूडल्सच्या रश्श्यातही बहुतेकदा सुक्या माशाचं पाणी असतं. दुकानदार "मांस नाही" म्हणतो ते खरंच असतं, कारण मासा त्यात धरलेला नसतो. हिरोशिमा स्थानकावरच्या दुकानातून आंबट उमे फळाचं सारण असलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, घेऊन ठेवा. भारतातून आणलेल्या दशम्या किंवा ठेपले असतील तर फारच छान. इथली मेपलच्या पानाच्या आकाराची मोमिजी मांजू मिठाई बहुधा लाल चवळीसारख्या अझुकीच्या पुरणाची असते, पण वरच्या आवरणात सहसा अंडं असतं. जैन मंडळींनी लक्षात ठेवावं.

पैसे थोडे रोख आणि त्यात सुटी नाणी. दानपेटी, मेणबत्ती, उदबत्ती, सगळीकडे नाणीच लागतात.

पिशवी पाठीवरची आणि चेन लावता येणारी. बेटावरची हरणं कागद खातात. तिकीट, नकाशा, अगदी पासपोर्टची कडाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या मागच्या खिशातून हरणानं नकाशा ओढला आणि ती वळेपर्यंत निम्मा चघळून झाला होता. त्यांना खायला घालायचं नाही, गोंजारायचं नाही, आणि खाणं हातात धरून चालायचं नाही. कचराकुंड्याही जवळजवळ नाहीत, म्हणून स्वतःचा कचरा ठेवायला एक रिकामी पिशवी घ्या.

मोठ्या बॅगा हिरोशिमा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवा. बॅगा ओढत बेटावर जाणाऱ्यांचा पहिला तास तिथं लॉकर शोधण्यातच जातो.

## टप्पा ४: हिरोशिमा ते धक्का

हिरोशिमा स्थानकावरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) सान्यो मार्गाची इवाकुनीकडे जाणारी लोकल धरा. सुमारे अर्धा तास, भाडं ४२० येन. उतरायचं मियाजिमागुची स्थानकावर. "गुची" म्हणजे तोंड, प्रवेशद्वार. बेट इथून समुद्रापलीकडे आहे. स्थानकातून बाहेर पडून सरळ चालत गेलं की पाचएक मिनिटांत धक्का.

ट्रामही जाते आणि शहर पाहत जाता येतं. पण तिला तासाच्या वर वेळ लागतो. यात्रेच्या दिवशी सकाळी ट्राम नको.

शहरातल्या शांती उद्यानाजवळून, मोतोयासु पुलापासून, थेट बेटापर्यंत जाणारी छोटी बोटही आहे. पाऊण तासाचा सुंदर प्रवास, पण भाडं कितीतरी जास्त. शिवाय ती पुलांखालून जाते. पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की फेऱ्या रद्द होतात. परतीला वाटलं तर वापरा, सकाळी तिच्यावर विसंबू नका.

लक्ष्य: सकाळी साडेसातच्या सुमारास हिरोशिमाहून निघणारी गाडी, म्हणजे आठ-सव्वाआठला धक्क्यावर. याहून उशीर झाला तर पुढचे सगळे टप्पे गर्दीत सापडतात.

## टप्पा ५: बोट

धक्क्यावर दोन कंपन्यांच्या बोटी शेजारी-शेजारी लागतात: जेआर आणि मात्सुदाई. दोन्हीचं भाडं सारखंच, एका बाजूचं २०० येन. दोन्ही दहा मिनिटांत पोचतात आणि दिवसभर थोड्याथोड्या वेळानं सुटतात. आरक्षण लागत नाही.

भाड्याशिवाय १०० येन बेटाचा प्रवेशकर द्यावा लागतो, आपल्याकडच्या यात्राकरासारखा. तो ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आहे. नेहमीचं तिकीट काढलं तर तो आपोआप त्यात येतो.

नेहमीची चूक: जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, असलेले लोक दुसऱ्या कंपनीच्या रांगेत उभे राहून पुन्हा तिकीट काढतात. पास फक्त जेआरच्या बोटीवर चालतो. आणि पास असला तरी प्रवेशकराचे १०० येन वेगळे द्यावेच लागतात. त्यासाठी तिथं यंत्र आहे.

जेआरची बोट सकाळी नऊनंतर दुपारपर्यंत, जाताना, कमानीच्या जवळून वळसा घेते. ती हवी असेल तर बोटीत शिरल्यावर उजवी बाजू धरा. आपण मात्र त्याआधीच निघतोय, त्यामुळे हा वळसा आपल्याला मिळणार नाही. पहिल्या पाळण्यासाठी तो सोडायला मी आनंदानं तयार आहे.

## टप्पा ६: कमान आधी की डोंगर आधी?

सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

धक्क्यावरून बाहेर पडल्यावर किनाऱ्यानं दहा-पंधरा मिनिटं चाललं की कमान दिसते. तिथं गर्दी थांबते आणि तुम्हीही थांबता. मग मंदिर, मग दुकानांची गल्ली, मग जेवण, आणि दीड वाजता कुणाला तरी डोंगर आठवतो. तोवर रोपवेला तासाभराची रांग लागलेली असते, आणि वरून खाली येणारा शेवटचा पाळणा साडेचारच्या आसपास असतो.

म्हणून नियम एकच: आधी डोंगर. कमान चुकत नाही. सूर्यास्तानंतरही तिच्यावर दिवे असतात.

भरती-ओहोटीचा विचार यात असा बसवा. सकाळी भरती असेल तर जाता जाता दहा मिनिटं थांबून तरंगती कमान पाहा, फोटो काढा आणि पुढे चला. दुपारी परत येईपर्यंत पाणी उतरलेलं असेल, मग वाळूतून खांबाजवळ जा. सकाळी ओहोटी असेल तर आता वाळूत उतरू नका. बुटांत चिखल घेऊन डोंगर चढायचा नाही. दुपारी परत याल तेव्हा पाणी चढलेलं असेल आणि मंदिराच्या लाकडी सज्जातून चालताना फळ्यांच्या फटींतून ते खाली हलताना दिसेल. त्या मंदिरात ३०० येन प्रवेशमूल्य आहे आणि दुपारी उशिरापर्यंत ते उघडं असतं.

## टप्पा ७: रोपवे

मंदिराच्या मागून मोमिजिदानी उद्यानातून चढणीची वाट रोपवेच्या खालच्या स्थानकाकडे जाते. धक्क्यापासून एकूण पंचवीस मिनिटं धरा. उद्यानाच्या तोंडाशी रोपवेची मोफत बसही असते. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर ती घ्या, गुडघे पुढच्या वाटेसाठी राखा.

रोपवे सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतो. जाऊन-येऊन तिकीट सुमारे २००० येन, एका बाजूचं सुमारे ११००. तिकीट काढतानाच ठरवा, कारण उतरायची वाट त्यावर ठरते (टप्पा ९ पाहा).

रोपवे दोन भागांत आहे. मोमिजिदानी ते कायातानी छोटे पाळणे, दहा मिनिटं. तिथं उतरून दुसऱ्या, मोठ्या डब्यात बसायचं: कायातानी ते शिशिइवा, चार मिनिटं. छोटे पाळणे सतत फिरत असतात, मोठा डबा मात्र ठरावीक वेळानंच सुटतो. त्यामुळे गर्दीच्या दिवशी खरी रांग मधल्या स्थानकावर साचते. खालची रांग पाहून वेळेचा अंदाज बांधला तर फसगत होते.

तपासा (शिशिइवा स्थानक सोडण्यापूर्वी):
- खाली जाणाऱ्या शेवटच्या पाळण्याची आजची वेळ फलकावर वाचून फोटो काढला का?
- स्वच्छतागृहात जाऊन आलात का?
- बाटल्या भरलेल्या आहेत का?

## टप्पा ८: शिशिइवा ते अग्नी, अग्नी ते शिखर

शिशिइवा हे शिखर नाही. हे वाक्य सोबतच्या ज्येष्ठांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. इथून माथा सुमारे एक किलोमीटर, अर्धा तास. त्यातही वाट आधी खाली उतरते आणि मग चढते. म्हणजे परत येतानाही शेवटी चढण आहे. काठी असेल तर न्या.

वीसएक मिनिटांत एका मोकळ्या पटांगणात याल. एका अंगाला मिसेन होन्दो, त्यात आकाशगर्भ बोधिसत्त्वाची स्थापना आहे. समोर लहानसं, धुरानं काळवंडलेलं रेइकादो. आधी होन्दोपुढे हात जोडा, मग रेइकादोत शिरा.

आत पहिल्यांदा काहीच दिसत नाही. डोळ्यांत धूर जातो, पाणी येतं. मग हळूहळू जमिनीलगतची लाकडं दिसतात, राखेतली लाल धग दिसते, आणि तिच्यावर टांगलेला भलामोठा लोखंडी हंडा. छत, तुळया, भिंती, सगळं काजळीनं असं माखलंय की हात लावला तर बोट काळं व्हावं. हंड्यावर लाकडी झाकण आहे. ते उचलून डावानं कपात थोडं पाणी घ्यायचं आणि प्यायचं. हे पाणी औषधी आहे अशी श्रद्धा आहे. चव धुराची लागते, आमच्या गावाकडे चुलीवर तापवलेल्या पाण्याची लागायची तशी. दुसऱ्या फेरीत आई इथवर आली. कप दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ उभी होती. शेवटी मागच्यांसाठी मीच तिला जरा बाजूला घेतलं.

हिरोशिमाच्या शांती उद्यानात १ ऑगस्ट १९६४ रोजी ज्योत पेटवली गेली, तिच्यासाठी इथला अग्नी नेला होता. शांती उद्यान आधी पाहून इथं आलात तर या काळ्या खोलीत उभं राहताना ते आठवतंच.

इथं टाळायच्या चुका:

टाळ्या वाजवू नका. दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा वाकणं ही शिंतो मंदिरातली पद्धत. बौद्ध देवळात नुसते हात जोडायचे, शांतपणे. सकाळी इत्सुकुशिमात टाळ्या वाजवलेले लोक इथंही वाजवतात.

झाकण उघडं टाकू नका, आणि डाव ओठांना लावू नका.

दम्याचा त्रास असणाऱ्यांनी दारातूनच दर्शन घ्यावं. धूर खरोखर दाट असतो.

इथून माथा दहाएक मिनिटं. वाटेत प्रचंड शिळा एकमेकींवर रेलून कमान झालेली आहे, तिच्याखालून वाकून जायचं. माथ्यावर लाकडी मनोरा आहे, बसायला जागा आहे, आणि चहूकडे सेतो अंतर्गत समुद्रातली बेटं. ओनिगिरी खायची जागा हीच.

वेळ: सकाळी नऊच्या पाळण्यानं आलात तर आता अकरा वाजले असतील. दोन वाजून गेले असतील तर पायवाटेनं उतरायचा विचार सोडा आणि रोपवेकडे चला.

## टप्पा ९: उतरायचं कसं

पायवाटा तीन आहेत: मोमिजिदानी, दाइशोइन आणि ओमोतो. चालणाऱ्यांनी दाइशोइनची धरावी. सुमारे तीन किलोमीटर, दीड ते दोन तास, जवळजवळ सगळीकडे दगडी पायऱ्या, मधूनमधून समुद्र दिसतो आणि वाट थेट पायथ्याच्या मंदिरापाशी सोडते. रोपवेचं एकाच बाजूचं तिकीट काढायचं ते यासाठी.

पण उतरणं सोपं असतं हा समज इथं महागात पडतो. दोन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे जातात, आणि मध्येच "आता रोपवेनं जाऊ" म्हणायची सोय नाही. गुडघेदुखी, लहान मूल कडेवर किंवा ओल्या पायऱ्या, यांपैकी काहीही असेल तर दोन्ही बाजूंनी रोपवे. त्यात कमीपणा नाही. आईला मी रोपवेनंच खाली आणलं आणि पायथ्यावरून सावकाश वीस मिनिटं चालत दाइशोइनला नेलं.

सावधान:
- जंगल दाट आहे आणि वाटेवर दिवे नाहीत. डिसेंबरमध्ये सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं.
- उन्हाळ्यात मामुशी जातीचे विषारी साप असतात. वाट सोडून गवतात जाऊ नका.
- अतिवृष्टीनंतर एखादी वाट बंद असू शकते. वरच्या स्थानकातला फलक पाहून मगच निघा.

## टप्पा १०: दाइशोइन

थकून आल्यावर लोक इथं दहा मिनिटं देतात. किमान तास द्या. प्रवेशमूल्य नाही, आणि पाचला बंद होतं.

क्रम असा ठेवा. डोंगरावरून आलात तरी एकदा खालच्या द्वारपालांच्या दरवाजापर्यंत जा आणि तिथून पायऱ्या चढायला सुरुवात करा. पायऱ्यांच्या मधोमध कठडा आहे आणि त्यात धातूची फिरती चक्रं ओळीनं बसवलेली आहेत. त्यांवर महाप्रज्ञापारमिता सूत्र कोरलंय. चढताना हातानं ती फिरवत जायचं, म्हणजे सूत्र वाचल्याचं पुण्य. वर हात न उचलता, चालीच्या लयीत, एकेक चक्र फिरवा. पळत पळत सगळी एकदम घुमवणारी मुलं दिसली तर त्यांना प्रेमानं थांबवा.

शेजारच्या वाटेवर पाचशे अर्हतांच्या मूर्ती आहेत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, डोक्यावर कुणीतरी विणून घातलेल्या लोकरी टोप्या. टोप्या सरळ करायला हात पुढे होतो, पण करू नका.

वर मुख्य देवळांपैकी एकात फुदो म्यो-ओ आहे, म्हणजे आपला अचलनाथ. इथं होम चालू असेल तर नक्की थांबा. जपानीत त्याला "गोमा" म्हणतात, शब्द होमाचाच. भिक्षू म्हणत असलेला मंत्र कान देऊन ऐका: "नोमाकु सान्मान्दा बाझारादान सेन्दा माकारोशादा..." मूळ आहे "नमः समन्तवज्राणां चण्डमहारोषण..." आणि हृदयसूत्राच्या शेवटी "ग्याते ग्याते हारा ग्याते" येतं, ते "गते गते पारगते". बाराशे वर्षं परक्या जिभेवर राहून हे शब्द मराठी कानाला अजून ओळखू येतात. त्या क्षणासाठी एवढा प्रवास करावा, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रातून येणारे बरेच बौद्ध बांधव त्रिशरण-पंचशील म्हणू इच्छितात. जरूर म्हणा. फक्त होम किंवा पाठ चालू असताना नको, आणि गटानं मोठ्यानं म्हणायचं असेल तर आधी तिथल्या कार्यालयात विचारा.

शेवटी तळघरातली हेन्जोकुत्सु गुहा. शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतल्या सगळ्या मूर्ती इथं ओळीनं मांडल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे त्या-त्या मंदिरातली वाळू पायाखाली घातली आहे. एकेका मूर्तीपुढे पाऊल ठेवत, हात जोडत फेरी पुरी केली की ती यात्रा केल्याचं पुण्य मानतात. आत फक्त कंदिलांचा उजेड असतो. बाहेरच्या उन्हातून आलात तर दोन मिनिटं दारातच थांबा, डोळे सरावू द्या, नाहीतर पहिल्या दहा मूर्ती नुसत्या ओलांडल्या जातात.

शिक्क्याची वही: देवळाचा शिक्का आणि सुलेखन, ज्याला गोशुइन म्हणतात, घ्यायचं असेल तर त्यासाठीची खास वही लागते. साध्या डायरीत देत नाहीत. वही आल्याआल्या खिडकीवर द्या आणि दर्शन करून परत घ्या. शाई ओली असते, मधला टिपकागद काढू नका.

## टप्पा ११: परत

आता कमान, आता दुकानं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुन्हा काढा आणि त्याप्रमाणे आधी वाळू की आधी मंदिर ते ठरवा. वाळूत उतरलात तर खांबांच्या फटीत नाणी खोचू नका. लाकडाला इजा होते, आणि तसं न करण्याची विनंती तिथं केलेली आहे.

बेटावरची बरीच दुकानं पाचच्या सुमारास बंद होतात, खाऊ घ्यायचा तर त्याआधी. बोटी मात्र रात्रीपर्यंत असतात, तेव्हा घाईनं पाचच्या गर्दीत शिरण्यापेक्षा किनाऱ्यावर बसा, कमानीवर दिवे लागू द्या.

शांती उद्यानाचं संग्रहालय याच दिवशी उरकायचा बेत करू नका. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो, आणि तिथून बाहेर पडल्यावर माणसाला लगेच दुसरं काही पाहावंसं वाटत नाही.

परतीच्या बोटीत मागच्या बाजूला, उघड्यावर उभे राहा. बेट मागे पडताना कमानीच्या वर डोंगराची काळी रेघ दिसते. सोबतच्यांना बोट करून दाखवा: तिथं, त्या सर्वांत उंच टोकाच्या थोडंसं खाली, रेइकादो.